पश्चिमेची भिंत

हार्डवेअरच्या दुकानात दिव्यांच्या रांगेतून जोनेल वळली, तेव्हा समोर गेलन उभा होता, आणि तिला पाहताच त्याने दुकानाच्या फळीवरून उचललेलं पाकीट चटकन पाठीमागे नेलं. एवढंच झालं. ऐंशी ओलांडलेला माणूस. उभी हयात त्याने गव्हाच्या शेतांवरून, पिकाला चाक लागेल इतक्या खालून विमान नेत औषध फवारण्यात घालवली होती, विजेच्या तारांखालून गेला होता, आणि आता शाळकरी मुलासारखा हात मागे बांधून उभा राहिला. जोनेल दुपारच्या सुट्टीत स्वयंपाकघरातला गेलेला दिवा घ्यायला आली होती. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र लोंबत होतं. ते तिने उगाचच उलटं केलं, नाव छातीकडे. मग गेलन म्हणाला, "शनिवारी टोपी आणतेस ना, पोरी?" ती म्हणाली, आणते की. तो म्हणाला, पेपरात वाचलं, संग्रहालय राहिलं. विमानतळावरची नीटा तर सगळ्यांना सांगत सुटलीय की नगरपालिकेत कोणी आपलं माणूस असल्याशिवाय असं घडत नाही. "त्यात माझं काही नाही," जोनेल म्हणाली. ते विनयासारखं ऐकू आलं. गेलन हसला आणि, पाकीट अजून पाठीमागेच धरून, तिला आधी जाऊ द्यायला बाजूला झाला. दिवा न घेताच ती बाहेर आली.

टोपी गाडीत मागच्या सीटवर होती. वडील गेल्यापासून तिथेच होती. दवाखान्यातून त्यांचे कपडे एका पिशवीत मिळाले होते. टोपी पिशवीत मावली असती, पण जोनेलने ती वेगळी ठेवली आणि मग कुठे ठेवावी ते न कळून सीटवरच राहू दिली. खाकी, बियाणांच्या कंपनीचं चित्र असलेली, कपाळाच्या जागी घामाची पांढरट लाट. उन्हात गाडी तापली की त्या टोपीचा वास सुटे, तेलाचा आणि डोक्याचा, आणि जोनेल काच खाली करी. कॅन्ससमधला वारा असा की काच खाली केली की गाडीतले कागद उडतात. कागद उडाले तर उडू द्यायची, पण वास जाऊ द्यायची. मग सिग्नलला उभं राहिल्यावर तिला याची लाज वाटे आणि ती काच वर करी. वास मात्र तोवर गेलेला असे, पुढच्या उन्हापर्यंत.

कुठल्या लोकांत माणूस मेला की वर जातो, कुठल्या लोकांत खाली मातीत. विमानवाले पश्चिमेला जातात. ब्रॅनिंग गावच्या विमानतळावर कोणी 'वारला' असं म्हणत नसे. 'पश्चिमेला गेला' म्हणत. लहानपणी जोनेलला वाटे, ही माणसं पश्चिमेला लागून असलेल्या कोलोरॅडोत राहायला जातात. तिथला, युद्धाच्या काळात शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेला, विमानं ठेवायचा मोठा पत्र्याचा हँगर नगरपालिकेचा. पुढे विमानवाल्यांच्या मंडळाने तो भाड्याने घेऊन त्यात संग्रहालय मांडलं, आणि आतून फळ्या मारलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर गेलेल्यांच्या टोप्या लावायची रीत पडली. एकेक टोपी, एकेक खिळा. नाव नाही, तारीख नाही. ज्याला ओळखायची तो ओळखे. संध्याकाळी वरच्या खिडक्यांतून ऊन आत येई ते आधी टोप्यांच्या माथ्यांवर पडे, आणि वडील हातातला पाना थांबवून म्हणत, "बघ, मंडळी उतरली." जोनेल तेव्हा तेरा-चौदाची होती आणि तिला ते शब्द, ती माणसं, त्यांचं एकमेकांना उगाच विमानासारखं हाक मारणं, सगळंच असह्य होई. वडील घरातल्या घरातही तसंच बोलत. ब्रॅनिंगच्या विमानतळावर मनोरा नाही. वर कोणी बसून वाट दाखवत नाही. ज्याने त्याने रेडिओवर आपण कोण, कुठे आहोत, कुठे निघालो, ते मोठ्याने सांगायचं. आधी विमानतळाचं नाव आणि 'ट्रॅफिक', म्हणजे आसपासची सगळी विमानं, शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव, कारण त्याच वाहिनीवर शेजारच्या गावांचीही विमानं बोलत असतात. वडील स्वयंपाकघरातून कोठाराकडे निघाले की म्हणत, "स्वयंपाकघर ट्रॅफिक, वर्लिन श्राग, मागच्या दाराने निघतोय, उत्तरेकडे, स्वयंपाकघर." आई हसायची. एकदा कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आलेल्या असताना त्यांनी तसं म्हटलं, आणि त्या वाकून वाकून हसल्या, आणि जोनेल त्यांच्याहून जास्त हसली. वडील दारात थांबले. आपलं बोलणं इतकं विनोदी होतं याचा त्यांना आनंद झालेला दिसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, जरा मोठ्या आवाजात.

ऑफिसात परतल्यावर तिने हँगरचा नकाशा उघडला. पाहायचं काही उरलं नव्हतं. सभेने मंजुरी दिली होती, सह्या झाल्या होत्या. नकाशाची एक प्रत खाली सूचना फलकावर लागली होती, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नसे. मंडळाचा भाडेकरार यंदा संपत होता आणि पत्र्याच्या एवढ्या मोठ्या हँगरात चार-पाच विमानं, काचेची कपाटं आणि शनिवारी येणारी दहा-बारा म्हातारी माणसं, हे कुणालाच पटवून देता येण्यासारखं नव्हतं. 'विमान संग्रहालय कायम ठेवून उर्वरित जागेचा फेरवापर.' हे वाक्य जोनेलचं होतं. ते तिला सुचलं तेव्हा बरं वाटलं होतं. कायम हा शब्द तिने सुरुवातीलाच घातला होता, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव आधी भांड्यात पडेल. पूर्वेकडचा पट्टा संग्रहालयाला, बाकी सगळं बिअर गाळणाऱ्या एका तरुण मंडळींच्या कंपनीला. ती मंडळी एका संध्याकाळी जागा पाहायला आली होती. विमानांकडे त्यांनी आदराने पाहिलं, पंखाखालून जाताना वाकली. मग वरच्या खिडक्यांतून ऊन आलं. त्यांच्यातली एक मुलगी नुसतं "अरे" म्हणाली. त्यांना ते ऊन हवं होतं. पश्चिमेला सगळी काच, बाहेर बाकडी, समोर धावपट्टी आणि तिच्यापलीकडे गहू. उत्तरेची भिंतही चालली असती, असं त्यांचाच माणूस म्हणाला. ऊन कमी, पण चालेल. ठरवायचं जोनेलवर सोडलं होतं. नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. जी राहायची ती सलग, जी काढायची ती तुटक. दुपारी टेबलावरच सँडविच खाता खाता तिने पश्चिमेच्या रेघा तुटक केल्या. टोप्या तिला आठवल्या नव्हत्या असं नाही. हेच तर होतं. विसरली असती तर ती आज त्या विसरण्यामागे लपली असती. टोप्या तिच्या डोळ्यासमोर होत्या, एकेक, आणि तिने मनात म्हटलं होतं, त्या हलवता येतील. ब्रेडचे कण नकाशावर पडले ते तिने तळहाताने झाडले.

तेव्हा वडील जिवंत होते. दवाखान्यात पूर्वेकडे खिडकी असलेल्या खोलीत पडून होते, आणि खिडकीतून दिसायची ती गाड्या लावायची जागा. त्यांचं बोलणं अर्ध्यावर तुटायला लागलं होतं, पण शुद्ध स्वच्छ होती. रोज संध्याकाळी जोनेल जाई, त्यांच्या हातरेडिओची बॅटरी भरायला लावी, कारण ती भरलेली आहे हे पाहिल्याशिवाय ते डोळे मिटत नसत. पडल्या पडल्या त्यांना रेडिओवर विमानं उतरताना ऐकू येत. कुणी आपलं नाव नीट सांगितलं नाही तर ते मान हलवत. एकदा त्यांनी विचारलं, हँगरचं काय झालं. संग्रहालय कायम आहे, डॅड, ती म्हणाली. "सगळं?" त्यांनी विचारलं. आणि ती म्हणाली, "कायम आहे." उत्तर नव्हतं ते, तोच शब्द तिने दुसऱ्यांदा पुढे सरकवला होता, कागदावर सरकवला तसाच. त्यांनी मान डोलावली. मुलीच्या शब्दावर माणूस जसा विसंबतो तशी. तिला पुस्तकांत वाचलेली कितीतरी मरणं आठवली, शेवटच्या घटकेला खरं बोलणारी, आणि आपण एका वयस्क माणसाशी नगरपालिकेच्या भाषेत बोललो हे तिला त्या खोलीतच कळलं. तरी ती बसून राहिली आणि त्यांना जेली भरवली. हिरवी जेली. ती थरथरत होती आणि चमच्यावर टिकत नव्हती.

रेडिओ आता घरी ओट्यावर होता. ती अजून रोज त्याला भरायला लावी. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. त्याचा हिरवा ठिपका लागला की ती वर झोपायला जाई.

शुक्रवारी तिने ठरवलं की गेलनला फोन करायचा. टोपी लावायच्या आधी सांगायचं. सांगून मग काय, ते तिला दिसत नव्हतं. उत्तरेची भिंत आता मागता येण्यासारखी नव्हती, काचेची ऑर्डरही दिली गेली होती. पण ज्या भिंतीवर आपणच तुटक रेघ मारली तिच्यावर बापाची टोपी लावून घ्यायची, टाळ्या घ्यायच्या, आणि शरद ऋतूत मजूर येतील तेव्हा ऑफिसच्या खिडकीआड बसायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे जमलं असतं. तेच भय होतं. आजवर जमतच आलं होतं. फोन तिने हातात घेतला, गेलनचं नाव काढलं, आणि त्याला ऐकू कमी येतं, फोनवर ओरडून सांगावं लागेल, असं म्हणत ठेवून दिला. उद्या समोरासमोर, तिने ठरवलं. समोरासमोर सांगणं जास्त सभ्यपणाचं.

शनिवारी सकाळी विमानतळावर पॅनकेकचा नाश्ता होता. आसपासच्या गावांतून लोक छोटी विमानं घेऊन नुसते पॅनकेक खायला येतात. घरी ते मिळत नाहीत असं नाही, पण उडायला निमित्त लागतं. गवतावर विमानं दोरांनी बांधून ठेवलेली होती, वाऱ्याने त्यांचे पंख जरा जरा उचलत होते. हँगरात तव्याचा धूर, कॉफीचा वास. नीटा तव्यापाशी होती. निम्म्या गावाला तिने उडायला शिकवलेलं, जोनेलला शिकवायचाही तिने प्रयत्न केला होता. "आलीस का," ती उलथणं न थांबवता म्हणाली. "बापासारखी उशिरा. तो नेहमी गर्दी ओसरली की यायचा, उरलेलं सगळं आपलं म्हणून." मग तिने एक ताट भरून दिलं आणि वर म्हणाली, खा, वाळलीस, नगरपालिका काही खायला घालत नाही का. दोघातिघांनी येऊन जोनेलचा हात हातात घेतला. छान केलंस, म्हणाले. भेगाळलेल्या ओठांच्या, तिला नावानेही न आठवणाऱ्या एका म्हाताऱ्याने म्हटलं, वर्लिनला अभिमान वाटला असता. ती गेलनला शोधत होती. वरच्या टोप्यांची धूळ झटकून तो शिडीवरून उतरताना दिसला, पश्चिमेच्या भिंतीपाशी, आणि तो एकटा नव्हता. त्याच्याभोवती माणसं जमायला लागली होती. आता बोलायला हवं, ती स्वतःला म्हणाली, आता, आणि ताट खाली ठेवून तिथे पोचेपर्यंत त्यांनी तिच्यासाठी मध्ये जागा केली होती. लग्नात नवरीला करतात तशी.

टोप्या वरपासून रांगांनी होत्या, उन्हाने सगळ्यांचा रंग एकच झालेला, मातीचा. लहानपणी यातली माणसं तिने पाहिली होती. एकाच्या टोपीचा बिल्ला तुटलेला, तो तिच्यासमोरच तुटला होता. प्रत्येक टोपीच्या वर खिळ्याचं डोकं दिसत होतं, गंजलेलं, फळीत रुतलेलं. आणि या सगळ्यांच्या खाली, बाजूला, मोकळ्या फळीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला एक पांढरा हूक लावलेला होता. प्लॅस्टिकचा. चिकटवायचा. मागून त्याच्या पट्टीचं एक टोक जरासं खाली लोंबत होतं. जोनेल त्याच्याकडे पाहत राहिली. असले हूक भाड्याच्या घरात राहणारे लोक लावतात, घर सोडताना भिंतीवर डाग राहू नये म्हणून. पाकिटात चार येतात. तिला हार्डवेअरच्या दुकानातली ती रांग आठवली, गेलनचा मागे गेलेला हात आणि त्यातलं पाकीट. गेलनकडे तिने पाहिलं नाही. पाहता आलं नाही. टोपी तिने खांद्यावरच्या पिशवीतून काढली; कुणीतरी म्हणालं, लाव. तिने लावली. खिळ्यावर बसली असती तशी ती बसली नाही, हलकेच एका अंगाला झुकली, डोकं कलवून ऐकावं तशी.

मग रीतीप्रमाणे शेवटचा निरोप. घरातलं कोणी हातरेडिओ धरून ते शब्द म्हणतं. गेलेल्याच्या वतीने म्हणतं: कोण, कुठून, कुठे. संग्रहालयाचा एक जुना रेडिओ त्यासाठी असतो, पण नीटा आधीच म्हणाली होती, वर्लिनचा स्वतःचा आण, त्याला दुसऱ्याचा चालायचा नाही. जोनेलने तो पिशवीतून काढला. लहानपणी असा एक निरोप तिने वडिलांच्या कडेवरून ऐकला होता आणि तिला वाटलं होतं, हे शब्द खरोखरच वर जातात, लांबपर्यंत, आणि जो गेला आहे तो मान वळवतो. त्या जुन्या रेडिओतली बॅटरी आधी काढून ठेवलेली असते, उघड्या वाहिनीवर खोटा निरोप द्यायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्यांना ते इतकं ठाऊक होतं की सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिने रेडिओ चालू करायची चक्री फिरवली, ती टिचकन वाजली. म्हाताऱ्या कानांना तेवढं ऐकू आलं नाही. तिने बोलायची कळ दाबली.

"ब्रॅनिंग ट्रॅफिक," ती म्हणाली, आणि आपला आवाज वडिलांसारखा निघतोय हे तिला ऐकू आलं. "वर्लिन श्राग. ब्रॅनिंगहून निघतोय. पश्चिमेकडे जातोय. ब्रॅनिंग."

कळ सोडली. कोणीतरी नाक ओढलं. टोप्या काढून लोक उभे होते. आणि तिच्या हातातला रेडिओ खरखरला.

"ब्रॅनिंगहून पश्चिमेला निघालेले," एका बाईचा आवाज आला, तरुण, इंजिनाच्या घरघरीवरून जरा चढलेला. "मी पिवळं पायपर विमान, पश्चिमेकडूनच येतेय. धान्याच्या कोठारांवर आहे. तुम्ही मला दिसत नाही. कुठे आहात तुम्ही? ब्रॅनिंग."

गेलनचं तोंड उघडं राहिलं. जोनेलला पहिल्या क्षणी, आणि तो क्षण तिला पुढे कधी कुणाला सांगता आला नसता, आनंद झाला. उत्तर आलं होतं. मग तिला त्या बाईचा हात दिसला, दांड्यावर घट्ट झालेला, आणि तिचे डोळे, समोरच्या रिकाम्या आभाळात एक विमान शोधणारे. रेडिओने पुन्हा विचारलं, आता घाईने: पश्चिमेला निघालेले, कुठे आहात?

"उत्तर दे तिला," नीटा दबक्या आवाजात म्हणाली. "पोरगी हवेत आहे."

आपण कुठे आहोत ते आपणच सांगायचं. वर बसून विचारणारं कोणी नसतं. आणि आज कोणीतरी विचारत होतं. जोनेलच्या अंगठ्याला घाम आला होता, कळ निसटली, तिने पुन्हा दाबली.

"ब्रॅनिंग ट्रॅफिक. कोणी निघालेलं नाही." ती थांबली. "मी जमिनीवर आहे. संग्रहालयात. चूक माझी आहे. रस्ता मोकळा आहे, या तुम्ही. ब्रॅनिंग."

"समजलं," बाई म्हणाली. तिने सोडलेला श्वासही ऐकू आला. "पॅनकेक उरलेत का?"

त्यावर सगळे हसले. हसू मागून सुरू झालं आणि पुढे आलं. नीटा डोळे पुसत म्हणाली, वर्लिनला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलंस की गं, आता तो वैतागून येईल, आणि तव्याकडे धावली. माणसं पांगली. कुणी तिच्या खांद्यावर थोपटलं. अशी फजिती झाली तर वर्षानुवर्षं सांगायला एक गोष्ट मिळते, तसे त्यांचे चेहरे उजळले होते. भिंतीपाशी जोनेल आणि गेलन राहिले. तो शिडी मिटत होता. तिने रेडिओ बंद केला.

"गेलन," ती म्हणाली. "ही भिंत जाणार आहे."

त्याला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं. तो शिडी मिटत राहिला, तिच्या कड्या नीट अडकवल्या.

"उत्तरेची जाऊ शकली असती. ही मी निवडली. डॅड असतानाच."

"काढताना पट्टी खाली ओढायची," गेलन म्हणाला. त्याने बोटाने भिंतीला न शिवता दाखवलं. "सरळ खाली, हळूहळू, भिंतीला धरून. स्वतःकडे ओढलीस तर फळीचा रंग निघून येतो."

मग त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि वाट काढत निघून गेला.

बाहेर ते पिवळं विमान उतरलं. पूर्वेच्या वरच्या खिडकीतून त्याची सावली टोप्यांवरून एकदा झरकन गेली. जोनेलने हुकाच्या पट्टीचं टोक चाचपून पाहिलं. ते मुद्दाम मोकळं सोडलेलं होतं. वरच्या टोप्यांपर्यंत तिचा हात पोचला नसता. या टोपीसाठी टाचाही उचलाव्या लागत नव्हत्या.